निवडणुकीनंतरची आशा आणि आपला हिशेब

(जयपूर येथील कार्यकर्ता शिबिरात मराठी भाषिक प्रतिनिधींच्या बैठकीत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



मुंबई, भुसावळ, सोलापूर, नागपूर अशा लांबलांबच्या ठिकाणांहून आपण जयपूरला आलात, त्याबद्दल आम्ही सर्वांचे स्वागत करतो. शिबिराचे कामकाज हिंदीत चालले आहे. एक बैठक तरी मायबोलीत व्हावी अशी सूचना आली, ती आम्ही आनंदाने मान्य केली. जयपूर आज उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे, पण ही रेल्वे १ ऑक्टोबर २००२ पासूनची. त्याआधी जयपूर विभाग पश्चिम रेल्वेत होता आणि आमच्या मागण्यांचे कागद चर्चगेटला जात असत. त्यामुळे मुंबईशी आमचे नाते जुने आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. मोठे तत्त्वज्ञान सांगणे आमच्याने व्हायचे नाही. पण युनियनच्या कामात हिशेब ठेवायची सवय लागते, त्या सवयीने चार गोष्टी मांडतो.

विषय असा आहे की, एखादी मोठी निवडणूक होऊन गेल्यावर कामगारांनी आशा किती धरावी? हा प्रश्न आज का निघाला हे आपण जाणता. ४, ५ आणि ६ डिसेंबर २०२४ ला रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. आधीचे मतदान २०१३ चे आणि त्याच्या आधीचे, म्हणजे पहिलेच, २००७ चे. अकरा वर्षांनी मतदान झाले म्हणून तरुण कर्मचाऱ्यांनी मोठ्या उमेदीने रांगा लावल्या. प्रचारात सर्वांनीच भरपूर बोलून घेतले. जुनी पेन्शन, रिक्त जागा, आठवा वेतन आयोग, सगळे आले. आता शाखेच्या दारात पोरे उभी राहतात आणि विचारतात, "मत दिले, पुढे काय?" काहीजण तर वर्गणीही थांबवू म्हणतात. एकीकडे फार आशा आणि दुसरीकडे लगेच निराशा, या दोन्हींमध्ये संघटना झिजते. म्हणून हा विषय महत्त्वाचा आहे.

याचे उत्तर शोधताना आम्हाला १९७७ ची लोकसभा निवडणूक आठवते. रेल्वे कामगाराने जिच्याकडून सर्वांत जास्त आशा धरली, अशी दुसरी निवडणूक आमच्या माहितीत नाही. शिवाय तिचा हिशेब आता शेवटपर्यंत तपासता येतो, कारण सगळे निकाल हाती आले आहेत. आम्ही तेव्हा लहान होतो. पण ज्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली आम्ही युनियन शिकलो, त्यांनी तो काळ सोसलेला होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. ८ मे १९७४ ला देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा तो प्रश्न होता. बोनस, आठ तासांचे काम, सार्वजनिक उद्योगांइतके वेतन, हंगामी कामगारांना कायम करणे आणि स्वस्त धान्य या मागण्या होत्या. निमंत्रक जॉर्ज फर्नांडिस यांना संप सुरू होण्याआधीच, २ मे रोजी अटक झाली. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली हजारो कामगार तुरुंगात गेले. क्वार्टरमधून कुटुंबे बाहेर काढली गेली. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. हजारो माणसे बडतर्फ झाली आणि पुष्कळांच्या नोकरीत सेवाखंड पडला. वर्षभराने, २५ जून १९७५ ला, आणीबाणी आली आणि तोंड उघडायचीही सोय राहिली नाही. त्याच वर्षी कारखान्यांतील किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला.

अशा काळोखात मार्च १९७७ ची निवडणूक झाली. तिच्या निकालाने केंद्रातील काँग्रेसची सलग तीस वर्षांची सत्ता संपली. राजस्थानात लोकसभेच्या २५ पैकी २४ जागा जनता पक्षाला मिळाल्या. काँग्रेसला फक्त नागौर राखता आले. जॉर्ज तुरुंगातून उभे राहिले आणि मुजफ्फरपूरला तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. संपाचा निमंत्रक केंद्रात मंत्री झाला. रेल्वे खाते कोकणातल्या राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते यांच्याकडे गेले. तीन वर्षे नोकरीविना काढलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करा. आता सगळेच मिळणार, आपलेच सरकार आहे, असे वाटले तर त्यात नवल नाही.

आता त्या आशेपैकी कोणती कधी पुरी झाली, ते पाहू.

पहिली मागणी बडतर्फ कामगारांना परत घेण्याची. ती लवकर पुरी झाली. दंडवते साहेबांनी संपातील कारवाया मागे घेतल्या, माणसे कामावर परत आली. घराघरांत चूल पुन्हा नीट पेटली. ही मागणी मंत्र्याच्या सहीने पुरी होणारी होती. सही करण्याची इच्छा असलेला माणूस खुर्चीवर आला आणि काम झाले. मत देण्याचे मोल काय, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्यावे. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमध्ये लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या, त्याही याच मंत्र्याच्या निर्णयाने. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गविरहित गाडी म्हणून सुटली, तीही याच काळात.

दुसरी मागणी बोनसची. ती पैशाची होती, म्हणजे एकट्या रेल्वेमंत्र्याच्या हातातली नव्हती. अर्थ खाते, मंत्रिमंडळ, इतर खात्यांचे कर्मचारी काय म्हणतील ही भीती, असे सर्व अडसर होते. रेल्वेत उत्पादकतेशी जोडलेला बोनस लागू झाला तो १९७९-८० या वर्षापासून. तोपर्यंत मोरारजीभाईंचे सरकार जुलै १९७९ मध्ये कोसळलेही होते. म्हणजे मोठ्या आशेने निवडून दिलेल्या सरकारची कारकीर्द संपत आली तेव्हा बोनस हाती लागला. तो लागला, कारण संघटनांनी मागणी सोडली नव्हती.

तिसरी मागणी हंगामी कामगारांना कायम करण्याची. रुळांवर, पुलांवर, प्रकल्पांवर वर्षानुवर्षे राबणारी ही माणसे. त्यांना १९७७ च्या निवडणुकीने थेट न्याय मिळाला नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंदर पाल यादव खटल्यात प्रकल्पांवरील हंगामी कामगारांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याच्या योजनेवर निकाल दिला, तेव्हा त्यांना वाट मिळाली. संपापासून मोजले तर अकरा वर्षे गेली.

चौथी आशा कोकण रेल्वेची. ही फक्त कामगारांची मागणी नव्हती, पण आपल्यातले कित्येकजण कोकणातले आहेत, त्यांना ती घरची वाटते. आपला माणूस रेल्वेमंत्री झाला, आता गाडी आलीच, असे गावोगावी बोलले गेले. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले ते जुलै १९९० मध्ये. त्या वेळी जॉर्ज रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर सलग गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. १९७७ साली जन्मलेले मूल तोवर वीस वर्षांचे झाले होते. डोंगर फोडायचे, पूल बांधायचे, पैसा उभा करायचा, ही कामे मतपेटीच्या वेगाने होत नाहीत.

हा हिशेब आम्ही मुद्दाम असा मांडला. सहीने सुटणारी मागणी, पैशाची मागणी, न्यायालयात जाणारी मागणी आणि बांधकामाची मागणी या चारींचा वेळ वेगवेगळा असतो. निवडणुकीच्या रात्री त्या सगळ्या एकाच पिशवीत भरल्या जातात आणि सहा महिन्यांत सगळ्याच पुऱ्या व्हाव्यात असे वाटते. मग एक पुरी झाली तरी तिचा आनंद होत नाही, कारण उरलेल्या तीन डोळ्यांसमोर असतात. जाणत्या कार्यकर्त्याने ही पिशवी सोडून मागण्या वेगळ्या लावायला हव्यात.

एक पाचवा प्रकारही आहे आणि तो सावध करणारा आहे. तो कायद्याचा. याच जनता सरकारने १९७८ साली औद्योगिक संबंध विधेयक आणले. संपाच्या हक्कावर बंधने घालणारे म्हणून वेगवेगळ्या झेंड्यांखालच्या संघटनांनी त्याला एकत्र विरोध केला. ते विधेयक कायद्यात उतरू शकले नाही. ज्या सरकारसाठी कामगारांनी मते मागितली, त्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध त्यांना रस्त्यावर यावे लागले. डिसेंबर १९७७ मध्ये कानपूरच्या स्वदेशी कॉटन मिलमध्ये आणि एप्रिल १९७८ मध्ये बैलाडिलाच्या खाणींत कामगारांवर गोळीबार झाला, तोही याच काळात. "आपले सरकार" म्हणून जे गप्प बसले असते, त्यांची मोठी फसगत झाली असती.

पण म्हणून त्या निवडणुकीतून काहीच मिळाले नाही असे कोणी म्हणू लागला, तर तेही खरे नाही. ज्या मिसाखाली रेल्वे कामगारांना डांबले होते, तो कायदा १९७८ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने "अंतर्गत अशांतता" या सैल शब्दावर आणीबाणी लावण्याची सोय काढून टाकली आणि आणीबाणीतही जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असे घटनेत लिहिले. सरकार अडीच वर्षांतच गेले, तरी हे लिखित राहिले. १९८० साली सत्ता पुन्हा बदलली, तरी ती दुरुस्ती कोणी पुसली नाही. आपण आज या सभागृहात निर्धास्त बोलतो, त्यात त्या मतदारांचा वाटा आहे.

राजस्थानातले एक उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. जून १९७७ मध्ये भैरोसिंह शेखावत मुख्यमंत्री झाले. २ ऑक्टोबर १९७७ ला त्यांच्या सरकारने अंत्योदय योजना सुरू केली. प्रत्येक गावातील सर्वांत गरीब पाच कुटुंबे निवडायची आणि त्यांना जमीन, जनावर, कर्ज, पेन्शन किंवा काम यांपैकी काहीतरी द्यायचे, अशी ती योजना होती. तिच्यात उणिवा होत्या आणि पाच कुटुंबांनी गावची गरिबी जात नाही हेही खरे. पण "गरिबी हटवू" या वाक्याचा हिशेब कोणाला मागता येत नाही. पाच कुटुंबांचा मागता येतो. कोणती पाच, काय दिले, कोणाला राहिले, हे गावातला माणूस चावडीवर विचारू शकतो. आमच्या मते युनियनच्या मागणीलाही असा आकडा आणि नाव असायला हवे.

परदेशातलेही एक उदाहरण घेऊ, कारण तिथे सत्ता खुद्द कामगार संघटनेच्याच हाती आली. पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातून सॉलिडॅरिटी ही संघटना उभी राहिली. जून १९८९ च्या निवडणुकीत तिने मोठा विजय मिळवला आणि तिचे सरकार आले. तिचे नेते लेक वालेसा, मूळचे इलेक्ट्रिशियन, १९९० अखेर राष्ट्राध्यक्ष झाले. जगभरच्या कामगारांनी आनंद केला. पण जानेवारी १९९० पासून नव्या सरकारने बाजारभाव मोकळे केले, अनुदाने कापली, बेकारी वाढली. जिथून लढा सुरू झाला, त्या ग्दान्स्कच्या कारखान्याचे १९९६ साली दिवाळे निघाले. पोलंडच्या लोकांना स्वातंत्र्य मिळाले, ते खरे आहे आणि ते लहान नाही. पण संघटनाच सरकार झाली तेव्हा कारखान्याच्या फाटकावर कामगाराची बाजू कोणी धरायची, हा प्रश्न उरला. युनियनची खुर्ची आणि सरकारची खुर्ची वेगळी का असावी, ते यावरून समजते.

आता आपल्या आजच्या दिवसांकडे येऊ.

सातव्या वेतन आयोगाच्या वेळी आपली मागणी किमान वेतन २६,००० रुपये करण्याची होती. मिळाले १८,०००. ११ जुलै २०१६ पासून बेमुदत संपाची नोटीस होती. मंत्र्यांच्या आश्वासनावर संप पुढे ढकलला गेला. पुढे किमान वेतन १८,००० च राहिले आणि २.५७ हा गुणकही बदलला नाही. आता आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये घोषणा झाली आणि त्याची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ अखेर मंजूर झाली. अहवालाला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. पण मोबाइलवर पगाराचे तक्ते घोषणेपासूनच फिरू लागले. गुणक किती, थकबाकी किती, सगळे तयार! आमचे सांगणे आहे की या तक्त्यांवर कोणी घराचे हप्ते ठरवू नयेत आणि कोणा पदाधिकाऱ्याने हे तक्ते पुढे पाठवू नयेत.

पेन्शनचेही तसेच. १ जानेवारी २००४ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. वीस वर्षे आपण ओरडलो. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला. २५ वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, असे तिचे स्वरूप आहे. ही जुनी पेन्शन नव्हे, वर्गणी कापली जातेच. पण केवळ बाजाराच्या भरवशावरून हमीच्या आकड्यापर्यंत आपण सरकारला आणले, हेही नोंदले पाहिजे. मिळालेले मांडायचे आणि न मिळालेले मागत राहायचे, दोन्ही एकाच पानावर.

बोनसचा आकडा पाहा. २०२५ साली ७८ दिवसांचा बोनस सुमारे १०.९१ लाख कर्मचाऱ्यांना मंजूर झाला. ऐकायला छान वाटते. पण तो महिना ७,००० रुपये वेतन धरून मोजतात, म्हणून जास्तीत जास्त १७,९५१ रुपये हातात येतात. १८,००० किमान वेतन धरून मोजला तर तोच बोनस ४६,००० च्या वर जाईल. "बोनस वाढवा" अशी घोषणा देण्यापेक्षा "७,००० ची मर्यादा काढा" ही मागणी नेमकी आहे आणि तिचा हिशेब प्रत्येक ट्रॅकमनला करता येतो.

कायद्याच्या बाबतीत १९७८ ची आठवण ताजी ठेवायला हवी. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. संपाआधी नोटीस देण्याची जी अट पूर्वी रेल्वेसारख्या लोकोपयोगी सेवांपुरती होती, ती आता सर्वच उद्योगांना लागली. ५१ टक्के पाठिंब्याच्या युनियनलाच वाटाघाटीचा एकमेव अधिकार देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून मतदान झाले आणि काम संपले असे समजू नका. सभासदांची यादी, वर्गणीची पावती आणि हजेरी यांना आता पूर्वीपेक्षा जास्त मोल आले आहे.

तर साथींनो, परत गेल्यावर शाखेत काय करायचे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, प्रचारात दिलेली सर्व आश्वासने एका वहीत लिहा. विरोधी युनियनची नव्हेत, आपली. प्रत्येकासमोर लिहा की ही विभागीय कार्यालयात सुटणारी आहे, झोनच्या मुख्यालयात, रेल्वे बोर्डात, अर्थ खात्यात की संसदेत.

दुसरे, विभागात सुटणाऱ्या गोष्टी आधी धरा. क्वार्टरची गळती, गँगमनचे बूट आणि रेनकोट, रनिंग रूममधले जेवण, अडकलेली पदोन्नती, महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह. या गोष्टी पी.एन.एम.च्या बैठकीत तारखेसह मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी होकारावर उठू नका.

तिसरे, दर तीन महिन्यांनी ती वही सभासदांसमोर उघडी करा. झाले ते सांगा, झाले नाही तेही सांगा आणि कुठे अडले ते नाव घेऊन सांगा. सभासद नकार ऐकून घेतो. त्याला अंधारात ठेवले तर मात्र तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

चौथे, जो कोणी निवडून येईल, मग तो युनियनचा असो वा देशाचा, त्याला हार घाला आणि त्याच दिवशी मागणीपत्रही द्या.

शेवटी आशेविषयी. कोणी म्हणेल, एवढा हिशेब मांडला, म्हणजे आशा सोडा असेच सांगता की काय? नाही. १९७४ ते १९७७ ही तीन वर्षे बडतर्फ माणसांच्या घरांनी धीर धरला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी धान्य दिले, युनियनने खटले चालवले, हे सगळे आशेवरच झाले. आशा नसती तर मार्च १९७७ मध्ये मत द्यायलाही कोणी गेले नसते आणि सही करणारा मंत्रीही मिळाला नसता. फक्त त्या आशेला रोजच्या कामाची जोड लागते. ज्या घरांनी ती जोड दिली, त्यांची माणसे कामावर परतली. बोनसही त्याच जोडीने आला. कोकणची गाडीही उशिरा का होईना, धावली.

"सगळे सारखेच, मत देऊन काय होते" असे म्हणणाऱ्या तरुण साथीला रागावू नका. त्याला जवळ बसवा, वही दाखवा आणि त्यातली एक मागणी त्याच्याच हाती सोपवा. पाठपुरावा करू लागला की किती मिळते आणि किती वेळ लागतो, हे त्याला आपोआप कळेल.



कामगार एकजुटीचा विजय असो!